सराफाच्या मशीनने खरंच प्रोटॉन मोजले का?

सुईदोरा · शनिवार, रात्री ९.४०

काल सासूबाईंच्या पाटल्या मोडायला सराफ बाजारात गेलो होतो. मी, सासूबाई आणि माझी नववीतली लेक. पाटल्या सासूबाईंच्या आईच्या, अक्कलकोटहून आलेल्या. बरोबर चार तोळे. पातळ झाल्यात, एकीला चीर गेलीय, म्हणून लेकीसाठी बांगड्या करून घ्यायचं ठरलं.

दुकानदार कसोटीचा काळा दगड काढेल म्हणून सासूबाई चष्मा पुसून तयार बसल्या होत्या. त्याने पाटली उचलली, एका पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे: सोनं ८७.५, चांदी ५.९, तांबं ५.८, कॅडमियम ०.८. घासलं नाही, कापलं नाही, तापवलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "याला आतलं कसं काय कळलं?" दुकानदार म्हणाला, "आजी, एक्स-रे असतो." आणि आमची लेक म्हणते कशी, "ते प्रोटॉन मोजतं. एकोणऐंशी असले की सोनं." दुकानदार हसला. तिला ते लागलं. घरी येईपर्यंत रिक्षात गप्प होती.

माझं शिक्षण बारावी कॉमर्स. म्हणून इथे विचारते. मशीन खरंच प्रोटॉन मोजतं का? आणि अणूत इलेक्ट्रॉन आहेत, न्यूट्रॉन आहेत, मग ओळख ठरवायचा मान एकट्या प्रोटॉनलाच का? "पुस्तकात दिलंय" एवढ्यावर ती ऐकत नाही, आणि मलाही आता झोप येत नाही.

---

कडकभाकरी · रात्री ९.५२

७९ सोनं, ८० पारा. एकच जास्त झाला की हातातून निसटतो. लेकीला शाबासकी सांगा ताई.

---

टंचवाला · रात्री १०.१५

ताई, माझी तीस वर्षं याच धंद्यात गेली, म्हणून आधी मशीनचं सांगतो.

आमचे वडील कसोटीवर कस बघायचे. दागिना दगडावर घासायचा, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाब लावायचं. तांबं-चांदी तेजाबात विरघळते, सोन्याची रेघ टिकते. किती टिकली त्यावरून नजर सांगते. वडिलांची नजर एका टक्क्याच्या आत चुकायची नाही, पण ती कमवायला त्यांना पंधरा वर्षं लागली होती.

मशीन वेगळं काम करतं. खालून क्ष-किरण सोडतं, आणि दागिना स्वतःचे क्ष-किरण परत सोडतो. प्रत्येक धातूचे वेगळे. तांब्याचे ८.०५, सोन्याचे ९.७१, चांदीचे २२.१६ असे आकडे आम्हाला शिकवले होते. किलो इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे किरणांच्या ऊर्जेच्या मापात. ते तसेच का, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुमच्या लेकीने विचारलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

एक खात्री करून घ्या. कॅडमियम ०.८ दिसलं म्हणजे त्या पाटलीला मधे कधीतरी सांधा मारलाय. पूर्वी केडीएम म्हणायचे ते हेच, कॅडमियम घालून जोडकाम. सांधा सुबक यायचा, पण कॅडमियम साडेसातशे अंशांच्या पुढे उकळतं आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो. माझ्या ओळखीचे दोन कारागीर खोकून खोकून धंद्यातून गेले. आता जस्त वापरतात.

---

सुईदोरा · रात्री १०.३१

टंचवाला दादा, सासूबाईंना आत्ताच उठवून विचारलं! माझ्या नणंदेच्या लग्नात एक पाटली दारात अडकून उघडली होती, ती सात रस्त्याजवळ जोडून घेतली होती म्हणे. चाळीस वर्षं झाली. अंगावर काटा आला.

---

माळढोक · रात्री १०.४०

काय सांगलालाव! चाळीस वर्षांपूर्वीचा सांधा मशीनने सांगितला?

---

निवृत्त_मास्तर · रविवार, सकाळी ६.०५

सुईदोराताई, तुमच्या लेकीचं उत्तर बरोबर आहे. दुकानदाराचंही बरोबर आहे. तो कशाने मोजतात ते सांगत होता आणि ती काय मोजतात ते सांगत होती. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आज पहाटे उठून हे लिहिताना जुन्या वर्गात उभा असल्यासारखं वाटतंय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

१८६९ साली मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. बहुतेक सगळी नीट बसली, पण टेल्युरियम आणि आयोडीन अडले. टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९. वजनाने जावं तर आयोडीन आधी यायला हवं, आणि मग ते क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातून बाहेर पडतं. मेंडेलीव्हने गुणधर्मावर भरवसा ठेवून टेल्युरियमला आधी बसवलं. वजन मोजण्यात चूक असेल, असं त्याला वाटलं. वजन चुकलेलं नव्हतं. पुढे अरगॉन-पोटॅशियम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्याही तशाच उलट्या निघाल्या. म्हणजे ओळख वजनात नव्हती. पण मग कशात होती? चाळीस वर्षांहून जास्त काळ याचं उत्तर नव्हतं. अणुअंक म्हणजे तक्त्यातल्या रांगेतला नंबर, बाकी काही नाही.

१९११ मध्ये रदरफर्डने अणूला केंद्रक असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी व्हॅन डेन ब्रूक या डच गृहस्थाने सुचवलं की रांगेतला नंबर हाच केंद्रकावरचा विद्युत प्रभार असावा. आता हे तपासणार कोण?

ते काम हेन्री मोझलेने केलं. १९१३, मँचेस्टर, वय पंचवीस. त्याने निर्वात नळीत छोटे रूळ टाकले, त्यावर एक गाडी, गाडीवर धातूंचे तुकडे, आणि मासे धरायच्या रेशमी दोरीने ती गाडी ओढून एकेक तुकडा किरणांसमोर आणायचा. प्रत्येकातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि तिचं वर्गमूळ काढलं. कॅल्शियमपासून जस्तापर्यंत आकडे एका सरळ रेषेत पडले. दर मूलद्रव्याला एक पायरी, सगळ्या पायऱ्या सारख्या. कोबाल्ट २७ वर, निकेल २८ वर, वजन काही का असेना.

पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्याने ही रेषा ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत नेली. १३ ते ७९. ज्या मशीनमध्ये तुमची पाटली गेली ते त्याच रेषेवर चालतं. मधल्या ४३, ६१, ७२ आणि ७५ या पायऱ्या मात्र रिकाम्या होत्या. तिथे मूलद्रव्यं असलीच पाहिजेत, असं ती रेषा सांगत होती. पुढे चारही सापडली.

मोझले १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. वय सत्तावीस. हा धडा शिकवताना दरवर्षी इथे माझा आवाज जड व्हायचा, आणि मागच्या बाकावरची मुलंही शांत व्हायची.

मोझलेच्या वेळी 'प्रोटॉन' हा शब्दसुद्धा नव्हता. केंद्रकातल्या एकेका धन प्रभाराच्या कणाला रदरफर्डने तो १९२० मध्ये दिला. आणि "मान कोणी दिला" म्हणाल तर १९२३ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने मूलद्रव्याची व्याख्या केंद्रकाच्या प्रभारावर नक्की केली. तोवर तो मान वजनाकडे होता.

---

हुरडा · सकाळी ७.२०

मास्तर, नमस्कार. छत्तीस वर्षं कुठल्या शाळेत ते विचारत नाही, पण असं शिकवणारं कुणी आम्हाला मिळालं असतं तर मी दहावीत विज्ञान सोडलं नसतं.

---

रंगारी_पूर्वभाग · सकाळी ८.४५

आमच्याकडे सूतरंगाई चालते. मला हे असं समजलं. सूत २० काउंटचं असलं की ते २० काउंटचंच. लाल रंगवा, निळं रंगवा, पांढरं ठेवा. चादरीत गेलं काय आणि टॉवेलात गेलं काय, काउंट बदलत नाही. प्रोटॉन म्हणजे काउंट, इलेक्ट्रॉन म्हणजे रंग. बरोबर का?

---

अणुरेणू · सकाळी ९.३०

केगावला विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते. रंगारी काका, अर्धं पटलं, अर्धं नाही.

रंग वरून लावतो, तो कुठलाही लावता येतो. इलेक्ट्रॉन तसे नसतात. केंद्रकात २९ धन प्रभार असले तर उदासीन अणूत २९च इलेक्ट्रॉन येऊन राहणार आणि ते कुठल्या कवचात किती बसणार हेही त्या २९ वरूनच ठरणार. म्हणजे सुताचा काउंटच ठरवतो की त्यावर कुठले रंग चढतील. शिवाय २० काउंट आणि ४० काउंट दोन्ही कापूसच. इथे मात्र एक आकडा बदलला की कापसाचं रेशीम होतं.

न्यूट्रॉनला प्रभारच नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनना तो आत आहे की नाही याचा फारसा फरक पडत नाही. न्यूट्रॉन कमी-जास्त झाले की वजन बदलतं, जागा तीच राहते. म्हणून तर मराठीत शब्द किती नेमका आहे: समस्थानिक. तक्त्यात एकाच स्थानी बसणारे.

---

डाळिंबवाला · सकाळी १०.१०

मी सांगोल्याकडचा. प्रश्न शेतातला आहे, हसू नका. आम्ही मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो फवारतो. मोरचूद म्हणजे तांबं, असं कृषी सहायक सांगतात. पण ते निळं खडे-खडे, पाण्यात विरघळणारं. मोटारीच्या वाइंडिंगची तार तांबडी. दोन्ही तांबंच कसं? यात तर काहीच सारखं नाही.

---

अणुरेणू · सकाळी १०.५५

डाळिंबवाला दादा, आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला विचारायला हवा असा हा प्रश्न आहे.

तारेतल्या तांब्याच्या अणूत २९ प्रोटॉन, २९ इलेक्ट्रॉन. मोरचुदात त्याच तांब्याने दोन इलेक्ट्रॉन सोडलेले असतात. राहिले २७. आता गंमत अशी की २७ इलेक्ट्रॉन कोबाल्टच्या अणूतही असतात. ओळख इलेक्ट्रॉन मोजून ठरवली असती तर तुम्ही बागेत कोबाल्ट फवारता असं म्हणावं लागलं असतं! पण त्या मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवा. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबडा थर चढतो. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले आणि तांबं परत आलं. ते कुठे गेलंच नव्हतं, केंद्रकातले २९ सगळा वेळ तिथेच होते.

इलेक्ट्रॉन सोडणं, घेणं, वाटून घेणं हा रसायनशास्त्राचा रोजचा व्यवहार आहे. तो काही इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये उरकतो. केंद्रकातून प्रोटॉन काढायचा तर लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. जे रोज बदलतं त्यावर ओळख कशी ठेवणार?

---

टंचवाला · सकाळी ११.२०

अणुरेणू ताई, मग मला एक कळलं ते बरोबर का सांगा. कसोटीवरचं तेजाब सोन्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनना विचारतं, तू कोण. आणि मशीन?

---

अणुरेणू · सकाळी ११.३४

मशीन खोल आतल्या इलेक्ट्रॉनना विचारतं!

क्ष-किरण आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. ती जागा भरायला वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि येताना ऊर्जा सोडतो. केंद्रकाला इतक्या लगत असल्यावर बाहेर कोण आहे, संयुग कुठलं, रंग कुठला, याचा तिथे फरक पडत नाही म्हणा. खाली ओढणारे प्रोटॉन किती, एवढाच हिशेब. म्हणून मोरचूद त्या पेटीत ठेवा की तार ठेवा, तांब्याची रेघ ८.०५ लाच येणार.

तुमचं वाक्य मी उद्या वर्गात वापरणार आहे, परवानगी द्या.

---

टंचवाला · सकाळी ११.४०

परवानगी कसली, मानच आहे.

---

देवगडचो · दुपारी १२.३०

जातीचा कोकणी, नोकरीने सोलापूरकर. विषय मूलद्रव्यांचा निघाला म्हणून सांगतो, हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८६८ चं सूर्यग्रहण. अजून तिथे चौथरा दाखवतात.

---

निवृत्त_मास्तर · दुपारी १.१५

देवगडकर, विजयदुर्गावर माझंही प्रेम आहे, पण नोंदी पाहून बोलू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेन गुंटूरला होता. सोलापूरकरांना जवळचं म्हणजे विजापूरच्या पलीकडे जमखंडीलाही एक इंग्रज तुकडी दुर्बिणी लावून बसली होती. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेषा पाहिली २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना म्हणून सूर्यावरून नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये रॅम्झेला मिळालं.

पण तुमचा मुद्दा या धाग्याला धरूनच आहे. प्रोटॉन ठाऊक नसताना, पंधरा कोटी किलोमीटरवरून, नुसत्या प्रकाशाच्या रेषेवरून ओळख पटली. दोन प्रोटॉनचं केंद्रक दोनच इलेक्ट्रॉन बाळगतं आणि त्यांच्या उड्यांचा रंग तिथेही तोच, इथेही तोच.

---

देवगडचो · दुपारी १.२५

गुंटूरचं माहीत होतं, लॉकियर इंग्लंडमध्ये होता हे नव्हतं. मान्य. चौथऱ्यावर मात्र एकदा या, समुद्र दाखवतो.

---

बाकावरचीमावशी · दुपारी ३.००

माझं थोडं वेगळं आहे. लिहू की नको करत होते.

सहा वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी आयोडीन १३१ दिलं. एक छोटी कॅप्सूल. ती घेतली आणि मला एका खोलीत एकटीला ठेवलं. नातू दाराच्या काचेतून हात हलवायचा. नर्स लांबून डबा ठेवायची. तेव्हा मला कळेना, हे जर इतकं घातक आहे तर माझ्या अंगात घालतातच का?

आज तुमचं समस्थानिक वाचून डोक्यात काहीतरी जुळतंय. कुणी नीट सांगेल का?

---

अणुरेणू · दुपारी ३.४०

मावशी, बरं झालं लिहिलंत.

आपल्या मिठात असतं ते आयोडीन १२७. त्यात ५३ प्रोटॉन, ७४ न्यूट्रॉन. तुम्हाला दिलेल्या आयोडीन १३१ मध्ये ५३ प्रोटॉन, ७८ न्यूट्रॉन. थायरॉइडच्या पेशींना आयोडीन हवं असतं, त्या ते रक्तातून ओढून घेतात. चार न्यूट्रॉन जास्त आहेत हे त्यांना कळत नाही, कारण ५३ तेच आहेत आणि रसायन तेच आहे. औषध सगळं अंग सोडून नेमकं थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशींत जाऊन बसतं, ते याच कारणाने. डॉक्टरांचा सगळा उपचार त्या ५३ वर उभा होता.

आणि मग पुढचं. ते चार जास्तीचे न्यूट्रॉन त्याला अस्थिर करतात. साधारण आठ दिवसांत निम्मे अणू बदललेले असतात. आत एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तोच शेजारच्या रोगट पेशी जाळतो. केंद्रकात आता ५४. आयोडीन संपलं, झाला झेनॉन. कशाशीही संबंध न ठेवणारा वायू. तो रक्तातून फुप्फुसात आणि श्वासावाटे बाहेर निघून जातो.

---

बाकावरचीमावशी · दुपारी ४.०५

तीन वेळा वाचलं. नातवाला फोनवर वाचून दाखवलं. आता तो अकरावीत आहे, सायन्सला. तो म्हणाला, "आजी, म्हणजे तू श्वासातून झेनॉन सोडत होतीस." खूप हसलो दोघं. त्या खोलीची भीती इतक्या वर्षांनी आज गेली.

---

माळढोक · दुपारी ४.२०

म्हणजे एक मूलद्रव्य बदलून दुसरं आपल्या अंगात होऊ शकतं? मग माझ्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट खोटी का म्हणायची? एका साधूने पाऱ्यात मुळी घालून, गोवऱ्यांच्या आगीत रात्रभर ठेवून सोनं केलं होतं. आजोबा खोटं बोलणारे नव्हते.

---

टंचवाला · दुपारी ४.५०

आजोबा खोटं बोलले नसतील. पण पाऱ्याचा एक गुण आम्हाला रोजचा आहे. पारा सोनं गिळतो. पाऱ्यात सोनं आधीच विरघळवलेलं असलं की दिसायला तो नुसता पाराच, आणि आगीवर ठेवला की पारा उडून जातो, तळाशी सोनं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं. जुने कारागीर मुलामा असाच चढवायचे. ही वाफ फार विषारी असते, कुणी करून बघू नका.

---

अणुरेणू · सायंकाळी ५.३०

माळढोक दादा, विचारलंत ते योग्य विचारलंत. बदल होतो, पण आगीने नाही. सोनं १०६४ अंशांना वितळतं. त्या भट्टीत एकेका अणूच्या वाट्याला एक इलेक्ट्रॉनव्होल्टचा जेमतेम दहावा भाग येतो. केंद्रकाला धक्का द्यायला लाखो लागतात. गोवऱ्या कितीही लावल्या तरी ती पायरी चढता येत नाही.

वैज्ञानिकांनी मात्र सोनं केलंय. १९४१ मध्ये हार्वर्डला पाऱ्यावर न्यूट्रॉन मारून केलं, ते किरणोत्सारी निघालं. १९८० मध्ये सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी बर्कलीत बिस्मथपासून केलं. बिस्मथचे ८३, त्यातले चार काढायचे. सगळ्यात अलीकडचं सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं. तिथे शिशाची केंद्रकं एकमेकांच्या अगदी जवळून पळवतात. कधी कधी एकातून तीन प्रोटॉन निसटतात. ८२ उणे ३ म्हणजे ७९. २०१५ ते २०१८ या काळात असं सोनं किती तयार झालं? २९ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यातले तीनसुद्धा भरत नाहीत. आणि तेही क्षणात फुटून गेलं.

---

कडकभाकरी · सायंकाळी ५.४१

एवढ्यात नथीचा टाकासुद्धा व्हायचा नाही.

---

करमाळ्याचीकेळी · सायंकाळी ६.१५

अंगात मूलद्रव्य बदलायला औषधही लागत नाही. आम्ही कंदरला केळी पिकवतो, पोटॅशियमची माहिती काढता काढता हे वाचलं होतं. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक पोटॅशियम ४० असतो, किरणोत्सारी. सत्तर किलोच्या माणसात दर सेकंदाला चार हजारांहून जास्त असे अणू बदलतात. दहातले नऊ कॅल्शियम होतात, १९ चे २०. उरलेला अरगॉन होतो, १९ चे १८. हवेत जो जवळजवळ एक टक्का अरगॉन आहे तो बहुतेक सगळा खडकांतल्या पोटॅशियमचा असाच झालेला आहे. घाबरू नका, हे माणूस झाल्यापासून चालू आहे. केळी खा.

---

जुनी_गल्ली · रात्री ८.३०

सकाळपासून वाचतेय. माझ्यावर एक प्रसंग गुदरलाय, तो या विषयातलाच आहे.

आमच्या गल्लीत दुपारी दोघं आले, दागिने चमकवून देतो म्हणाले. मी घरात एकटी. मंगळसूत्राच्या वाट्या आणि साखळी त्यांच्या पिवळ्या पाण्यात बुडवली. चमक छान आली. संध्याकाळी वजन केलं तर साखळी तीन ग्रॅम कमी. एक कडीही कुठे तुटलेली नव्हती. पोलिसात गेले तर पहिला प्रश्न, "सोनं गेलं कुठं?" मला उत्तर देता आलं नाही. घरच्यांनाही वाटलं मीच कुठे विकलं. तो संशय मला त्या तीन ग्रॅमपेक्षा जास्त टोचला.

---

टंचवाला · रात्री ८.४४

ताई, तुमची काही चूक नाही. ते पाणी म्हणजे सोऱ्याचं तेजाब (नायट्रिक) आणि मिठाचं तेजाब (हायड्रोक्लोरिक) एकत्र केलेलं. एकटं कुठलंही सोन्याला शिवत नाही, दोन्ही मिळून विरघळवतात. तुमचं तीन ग्रॅम त्या वाटीतच होतं, ते घेऊन गेले. घरी जाऊन त्यात हिराकस टाकली की तपकिरी गाळ खाली बसतो. तोच आटवला की सोनं. आमच्या बाजारातले झारेकरी दुकानांतला केर आणि गटारातला गाळ असाच धुऊन सोनं काढतात. सोनं मातीत गेलं, पाण्यात गेलं, आगीत गेलं तरी सोनंच. घरच्यांना हे वाचून दाखवा.

---

अणुरेणू · रात्री ८.५८

टंचवाला काकांना दुजोरा. विरघळलेल्या सोन्याने इलेक्ट्रॉन सोडले, प्रोटॉन नाही.

---

जुनी_गल्ली · रात्री ९.२०

मिस्टरांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा मला हे कळायला हवं होतं." आज मला जेवण गोड लागलं. धन्यवाद सगळ्यांना.

---

हिशेबी_माणूस · रात्री १०.००

एक शंका. मशीनवर इतका भरवसा ठेवायचा का? टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. आत टंगस्टन, वर सोनं, तर पाण्यात तोलूनही फसवणूक कळत नाही असं ऐकलंय.

---

टंचवाला · रात्री १०.२०

ऐकलंय ते खरं. मशीनचे किरण सोन्यातून फार आत जाऊन परत येऊ शकत नाहीत, मिलिमीटरचा शंभरावा भागही कसाबसा. वर जाड थर असला तर ते ७९च दाखवणार आणि आतले ७४ लपून राहणार. म्हणून मोडीचं सोनं आधी गाळायचं, गोळा करायचा आणि मग तपासायचं. आणि वाद झाला तर जुनाच उपाय, नमुना शिशाबरोबर वितळवून अशुद्ध धातू शोषून घ्यायचे, चांदी तेजाबाने काढायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. हॉलमार्क केंद्रातही शेवटचा शब्द याचाच असतो. सुईदोराताई, तुमच्या पाटल्या तुमच्यासमोर गाळायला सांगा.

---

सुईदोरा · मंगळवार, रात्री ९.१५

दोन दिवस काम होतं, ब्लाउजांची गर्दी. सगळं वाचलं. सासूबाईंनी लेकीकडून मोठ्याने वाचून घेतलं, मावशींचा आणि जुनी_गल्ली ताईंचा प्रतिसाद दोनदा.

आज परत दुकानात गेलो. टंचवाला दादांनी सांगितलं तसं समोर गाळायला सांगितलं. गोळा झाल्यावर परत तपासला: ८७.५च. चाळीस ग्रॅममध्ये पस्तीस ग्रॅम शुद्ध, म्हणजे ९१६ च्या हिशेबाने ३८.२ ग्रॅमच्या बांगड्या. कॅडमियम या वेळी दिसलं नाही. दुकानदार म्हणाला, आजी, ते आगीत उडालं.

लेकीने त्याला विचारलं, आकडे कशावरून येतात ते दाखवाल का. परवा हसलेला तोच माणूस, आज त्याने पडदा तिच्याकडे फिरवला आणि डोंगर-डोंगरासारख्या रेषा दाखवल्या. तिने मास्तरांनी सांगितलेल्या मोझलेचं सूत्र वहीत लिहून नेलं होतं. अणुअंकातून एक वजा, त्याचा वर्ग, गुणिले १०.२. तांब्यासाठी २८ गुणिले २८, ७८४. गुणिले १०.२ म्हणजे ७९९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पडद्यावरचा तांब्याचा डोंगर आठ हजारांच्या किंचित पुढे. दुकानदाराने स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर परत करून बघितलं. मग त्याने हाताखालच्या पोराला बोलावून ते दाखवलं.

सोन्याला मात्र हे सूत्र लागू पडेना. आणि घरी येताना तिने नवा प्रश्न काढलाय: ७९ प्रोटॉन आहेत, २९ प्रोटॉन आहेत, तर सूत्रात एक वजा का करायचा? तो एक प्रोटॉन कुठे गेला?

---

निवृत्त_मास्तर · रात्री ९.५०

बाळ, हे तुझ्यासाठी.

प्रोटॉन कुठे गेला नाही. सगळ्यात आतल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. एक्स-रेने त्यातला एक उडवला, दुसरा तिथेच आहे. वरून खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचे २९ धन प्रभार ओढतात, पण मधे हा एक ऋण प्रभार उभा असतो आणि तो साधारण एकाची ओढ झाकतो. म्हणून २८.

सोन्याला ते लागू पडलं नाही याचं कारणही यातच आहे. सोन्याचं सगळ्यात आतलं कवच हलवायला दुकानातल्या मशीनचा जोर पुरत नाही, म्हणून ते त्याच्या बाहेरच्या दुसऱ्या कवचाची रेषा बघतं. तिथे मधे उभे राहणारे जास्त. एकाऐवजी ७.४ वजा कर, वर्ग कर आणि १०.२ ऐवजी १.८९ ने गुण. किती येतं ते इथे लिही.

---

सुईदोरा · रात्री १०.०८

लेक टाइप करतेय: ७९ वजा ७.४ म्हणजे ७१.६. वर्ग ५१२६.५६. गुणिले १.८९ म्हणजे ९६८९. टंचवाला काकांनी ९.७१ सांगितलं होतं, म्हणजे ९७१०. सर, २१ कमी आलं. का?